लाल यादी भिंतीवरून उतरवा, शेवटचा तास मुलांना परत द्या : शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद,
यांस सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या कार्यालयाने तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी साप्ताहिक सराव चाचणीचा उपक्रम सुरू केला. दर शनिवारी जिल्ह्यातील सगळ्या शाळांत एकच प्रश्नपत्रिका, सोमवारी शाळेच्या दर्शनी भिंतीवर गुणानुक्रमे यादी, त्या यादीत हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग, तीच यादी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणि पहिल्या तिघांना बक्षीस, असे त्याचे स्वरूप आहे. या सगळ्याला वेळ मिळावा म्हणून रोजचा शेवटचा तास, जो आमच्याकडे स्वयंअध्ययनाचा आणि वाचनाचा होता, तो चाचणीच्या तयारीला देण्यात आला. उपक्रम एका सत्रापुरता आहे असे तेव्हा सांगितले गेले होते. आता नव्या शैक्षणिक वर्षातही तो जसाच्या तसा चालू ठेवण्याचे परिपत्रक शाळांना मिळाले आहे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तोंडी आणि नंतर लेखी हरकत नोंदवूनही उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. पालकांनी, शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांनी आणि माझ्या सहकाऱ्यांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मी मराठवाड्यातील एका कोरडवाहू गावात पदवीधर शिक्षिका आहे आणि सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित व विज्ञान शिकवते. माझी स्वतःची मुलगी याच शाळेत शिकते. गावात कापूस आणि सोयाबीन सोडले तर दुसरे पीक नाही. दसरा झाला की मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्याला निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांजवळ मागे राहतात. बाकीची आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला आणि कोपीजवळ (तात्पुरत्या झोपडीजवळ) थांबायला कोणीतरी लागते. माझ्या वर्गाचा पट दिवाळीनंतर कसा दिसतो, हे आपल्या कार्यालयातील उपस्थितीच्या तक्त्यांवरूनही आपणास दिसत असेल.

परिपत्रकात या उपक्रमाचे कारण एका वाक्यात दिले आहे : मुले स्वतःहून अभ्यास करीत नाहीत. हे निदान मला मान्य आहे. वर्गात उभे राहून मी ते रोज पाहते. माझी हरकत उपायाला आहे. जे मूल स्वतःहून अभ्यास करीत नाही, त्याच्यामागे दर आठवड्याला चाचणीचा तगादा लावला, तर ते तगादा असेपर्यंत अभ्यास करील. आमच्या गावात वर्षातले पाच-सहा महिने कित्येक मुलांमागे असा तगादा लावणारे कोणीच नसते. शाळा नाही, शिक्षक नाही, आईवडील पहाटेपासून फडात. शहरातील मुलाला आपले शिकणे आपण चालवता आले नाही तरी शिकवणी असते, घरी विचारणारे कोणी असते. फडावरच्या मुलाजवळ जी वही आणि जी सवय आपण देऊ, तेवढाच त्याचा आधार असतो. म्हणून ही सवय लावण्याचे काम मराठवाड्यातल्या शाळांनी आधी हाती घ्यायला हवे, आणि नेमका त्यासाठी राखलेला तास आपल्या परिपत्रकाने काढून घेतला आहे.

स्वयंअध्ययन म्हणजे मुलांना मोकळे सोडून शिक्षकाने बाजूला बसणे, असा गैरसमज आपल्याकडे पुष्कळ आहे. शिक्षण परिषदेत एका अधिकाऱ्यांनी शेवटच्या तासाला ‘रिकामा तास’ म्हटले, तेही बहुधा त्याच समजातून. प्रत्यक्षात हे एक कौशल्य आहे आणि ते पायरीपायरीने शिकवावे लागते. अमेरिकेतील शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी त्याची तीन टप्प्यांत मांडणी केली आहे : कामाआधी काय साधायचे आणि कसे, हे ठरवणे, काम चालू असताना आपले कुठे अडते यावर लक्ष ठेवणे, आणि काम झाल्यावर ते ठरवल्याप्रमाणे झाले का हे तपासून पुढची चाल बदलणे. यातला प्रत्येक टप्पा शिक्षकाने आधी स्वतः करून दाखवायचा, मग मुलाबरोबर करायचा आणि हळूहळू हात काढून घ्यायचा असतो. याला महिने लागतात.

आमच्या वर्गात त्यासाठी प्रत्येकाची एक साधी वही होती. सोमवारी मुलाने आठवड्यात काय शिकायचे ते लिहायचे, बुधवारी कुठे अडले ते लिहायचे, शुक्रवारी स्वतःच निवडलेली चार उदाहरणे न बघता सोडवून पडताळायची. सातवीतल्या एका मुलीने एका सोमवारी लिहिले होते : अपूर्णांकांचा भागाकार पक्का करायचा. बुधवारची नोंद अशी : “गणितं सुटतात, पण दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा ते कळत नाही.” उत्तर बरोबर येत असूनही आपल्याला कळलेले नाही, हे तिच्या तिने ओळखले होते. त्या शेवटच्या तासात ती आणि तिची मैत्रीण जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून बसल्या. शुक्रवारी तिने लिहिले, “अर्ध्या पट्टीत पाव पट्टी दोनदा बसते. म्हणून अर्धा भागिले पाव याचं उत्तर दोन. भागाकार करूनही उत्तर मोठं येतं कारण आपण किती वेळा बसते ते मोजतो.” खाली पट्टीचे चित्र, त्यावर पेन्सिलने पाडलेले चार भाग. शिक्षक म्हणून मला याहून अधिक काही नको असते. चाचणी सुरू झाल्यानंतर त्याच वहीत तिची नोंद आहे : “शनिवारी सहा चुकले. पाठ करायचे.” कोणते सहा आणि का चुकले, याचा उल्लेख नाही. त्यानंतरची पाने कोरी आहेत.

आता माझ्या हरकती मांडते.

सर्वांत गंभीर हरकत भिंतीवरच्या यादीला आहे. मुलाला आपल्या कामाविषयी खरी माहिती मिळणे शिकण्यासाठी आवश्यक आहे, पण लाल रंग ती माहिती देत नाही. कोणता घटक आला, कोणता राहिला, पुढे काय करायचे, यातले काहीही त्या रंगातून कळत नाही; कळते एवढेच, की आपण कोणाच्या खाली आहोत. इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण आणि काहींना गुण व शेरा दोन्ही. ज्यांना केवळ शेरा मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले आणि त्यांचा रसही टिकला. शेऱ्याबरोबर गुण दिले तेव्हा शेऱ्याचा लाभ दिसेनासा झाला. आपल्या योजनेत तर शेऱ्याला जागाच नाही, फक्त गुण आहेत आणि तेही चारचौघांत लावलेले.

फडावरून परतणाऱ्या मुलांवर या यादीचा काय परिणाम होतो, हे मी गेल्या पाडव्यानंतर पाहिले. आठवीतला एक मुलगा चार महिन्यांनी शाळेत आला. आदल्या वर्षी तो असाच परतला होता, तेव्हा त्याने घटकांची यादी पुढे घेऊन स्वतःच खुणा केल्या होत्या : हे येते, हे अर्धे येते, हे माझ्या मागे झाले. त्या खुणांवरून आम्ही दोघांनी उन्हाळ्यापर्यंतचा बेत आखला आणि त्याने तो बऱ्यापैकी पाळला. या वेळी आल्याबरोबर पहिल्या शनिवारी त्याला चाचणीला बसवावे लागले, कारण नियमाला अपवाद नव्हता. न शिकवलेल्या घटकांवरचे प्रश्न त्याने कोरे सोडले. सोमवारी त्याचे नाव लाल रंगात सगळ्यात खाली होते आणि संध्याकाळपर्यंत ते त्याच्या वडिलांच्या फोनवर पोहोचले. पुढच्या शनिवारी तो आला नाही आणि त्यानंतर शनिवारी येईनासाच झाला. उपस्थिती वाढवण्यासाठी आपण आम्हाला घरोघरी पाठवता, मी त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याच्या आईने विचारले, “बाई, लेकराचं नाव भिंतीवर लावल्याशिवाय शिकवता येत नाही का?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो प्रश्न मी आपल्यापर्यंत पोहोचवत आहे.

दुसरी हरकत बक्षिसांना आहे. बक्षिसाने गोडी लागते असे आपल्या सगळ्यांनाच वाटते, परंतु लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी १९७३ मध्ये बालवर्गातील मुलांवर केलेल्या प्रयोगात उलटे दिसून आले. चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांना ‘चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळात ती मुले पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळाले त्यांच्या आवडीत अशी घट झाली नाही. जे काम मूल आवडीने करत होते, ते बक्षिसासाठीचे काम झाले. शिवाय आमच्या शाळेत बक्षीस मिळणारी नावे जवळपास तीच ती असतात, आणि उरलेल्या वर्गाने त्याचा नाद केव्हाच सोडला आहे.

तिसरी गोष्ट शनिवारची. शनिवारी सकाळची शाळा असते. प्रश्नपत्रिका वाटणे, सोडवणे, तपासणे यात ती सकाळ संपते. याच शनिवारसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीकरिता ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आणला, आणि मुलांवरील ताण कमी व्हावा हाच त्याचा हेतू आहे. एकाच दिवशी दोन परस्परविरोधी आदेश पाळणे आम्हाला शक्य नाही.

प्रश्नपत्रिका जिल्हाभर एकच असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते आहे. केंद्रनिहाय सरासरी बैठकीत वाचून दाखवली जाते, म्हणून ज्या प्रकारचे प्रश्न येतात तेवढेच शिकवण्याकडे शिक्षकांचा कल होतो. प्रयोग मागे पडतात, कारण प्रयोगावर प्रश्न येत नाही. वाचनपेटीतील पुस्तके या सत्रात किती वेळा बाहेर निघाली, हे कोणत्याही शाळेच्या ग्रंथालय नोंदवहीत आपण पाहू शकता. गुण लिंकवर भरण्यात जाणाऱ्या वेळाबद्दल मी इथे लिहीत नाही. तो शिक्षकांचा प्रश्न आहे आणि हे पत्र मुलांसाठी आहे.

मी चाचण्यांच्या विरोधात आहे, असा अर्थ कृपया काढू नये. पुस्तक मिटून आठवून लिहिण्याने शिकलेले अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे : पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवडाभराने जास्त राहिले. पण तिथे चाचणीचा उपयोग शिकण्यासाठी केला होता, क्रम लावण्यासाठी नव्हे. माझ्या वर्गात शुक्रवारची चार उदाहरणे म्हणजे चाचणीच होती. फरक एवढाच, की ती मुलाने स्वतः निवडलेली असत, स्वतः तपासलेली असत आणि तिचा निकाल त्याच्याच वहीत राहत असे.

या संदर्भात सततच्या सराव परीक्षांवर भर देणाऱ्या लातूर पॅटर्नचा दाखला बैठकीत वारंवार दिला जातो. आम्हा मराठवाड्यातील लोकांना त्याचा अभिमान आहे, आणि तिथल्या शिक्षकांचे कष्ट मी जवळून ऐकले आहेत. परंतु तिथे सराव परीक्षा देणारी मुले मोठी आहेत, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचे ध्येय ठरवून आलेली आहेत. तिसरीतल्या आठ वर्षांच्या मुलासमोर असे ध्येय नसते. त्याच्यापुढे फक्त भिंतीवरची यादी असते. इथून पुढच्या शिक्षणासाठी लातूरला किंवा नांदेडला गेलेले माझे काही विद्यार्थी सुट्टीत भेटतात तेव्हा सांगतात, की अभ्यासक्रमापेक्षा दिवसाचा अभ्यास स्वतः आखणे जड जाते. ते कौशल्य प्राथमिक शाळेतच यायला हवे होते.

कायद्याची बाजूही सांगणे भाग आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषणातून शिक्षण, भीती व चिंतेपासून मुक्त वातावरण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांचा स्पष्ट निर्देश आहे. त्यानुसार राज्यात २०१० पासून आकारिक (शिकता शिकता सतत होणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) मूल्यमापनाची पद्धत आली. आकारिक मूल्यमापनात मुलाविषयीच्या वर्णनात्मक नोंदींना महत्त्व दिले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील समग्र प्रगतिपत्रकात तर शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सहाध्यायांचे केलेले मूल्यमापनही अपेक्षित आहे. २०१५ च्या सुमारास, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला तेव्हा, आमच्याकडचे शिक्षक साताऱ्याचे कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला गेले होते आणि मूल आपले ज्ञान आपण रचते हे तिथल्या वर्गांत पाहून आले होते. तेव्हा आपल्याच विभागाने आम्हाला जे शिकवले, त्यावर आम्ही विश्वास ठेवला. कलम १७ मुलांना मानसिक त्रास देण्यास मनाई करते. रंगीत यादी त्या कलमात बसते की नाही, हे मी ठरवणार नाही, परंतु आपल्या कार्यालयाने ते तपासून पाहावे, असे मला गांभीर्याने वाटते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

गुणानुक्रमे यादी, रंग आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावरील निकाल तत्काळ बंद करावेत. कोणत्याही मुलाचा निकाल त्याला व त्याच्या पालकांनाच सांगितला जावा. यासाठी समिती किंवा निधी लागत नाही, एक ओळीचे पत्र पुरेसे आहे.

रोजचा शेवटचा तास स्वयंअध्ययन व वाचनासाठी वेळापत्रकात परत द्यावा आणि त्या तासात दुसरे कोणतेही काम लावू नये.

चाचण्या घ्यायच्याच असतील तर त्या वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाच्या प्रगतीनुसार काढाव्यात, शनिवारी घेऊ नयेत, आणि मुलांनी त्या तपासून आपली चूक त्याच दिवशी समजून घ्यावी. त्यांचे गुण वर पाठवण्याची सक्ती नसावी. बक्षिसांसाठीची रक्कम वर्गवाचनालयाच्या पुस्तकांना द्यावी.

ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना पहिला महिना कोणत्याही चाचणीला बसवू नये. त्याऐवजी घटकनिहाय स्वयंतपासणीची यादी प्रत्येकाला मिळावी, आणि जाणाऱ्या मुलांसोबत निघण्यापूर्वी अशीच यादी व वही द्यावी. या याद्या तयार करण्याचे काम आम्ही काही शिक्षक विनामोबदला करायला तयार आहोत.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत स्वयंअध्ययन कसे शिकवावे याचे प्रशिक्षण व्हावे. पत्र काढून हे कौशल्य शिक्षकांनाही येणार नाही. आम्हालाही कोणीतरी करून दाखवले पाहिजे.

या पत्राचे लेखी उत्तर दसऱ्यापूर्वी मिळावे, अशी विनंती आहे, कारण त्यानंतर आमची मुले कारखान्याला जातील आणि या वर्षापुरता निर्णयाचा उपयोग त्यांना होणार नाही. आपण पुढच्या शिक्षण परिषदेला आमच्या केंद्रावर यावे. पालकांची परवानगी घेऊन मी मुलांच्या वह्या सोबत आणीन. चाचणीपूर्वीची आणि नंतरची पाने आपण स्वतः पाहून निर्णय घ्यावा.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेतील एक पदवीधर शिक्षिका
मराठवाडा